पडदा ओला ठेवणे

मे महिन्यात स्वेटर घालून कामाला जाणारी
लॉ कॉलेज रोडवर मी एकटीच.
रिक्षावाला विचारतो, ताप आलाय का मॅडम?
तळघरात बारा अंश. फिती गारठ्यातच जगतात.
बाहेर टेकडी भाजून निघते
आणि माझ्या नाकाच्या शेंड्याला पौष.

जासिम बहारीनचा, मुहर्रकचा.
कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहतो, संकलन शिकतो,
मिसळ खाताना रडतो आणि पुन्हा तर्री मागतो.
त्यानं बिस्किटाचा डबा टेबलावर ठेवला,
आजोबांच्या डोक्याच्या रुमालात बांधलेला.
झाकण निघालं तसा आंबट भपकारा.
फीत मरताना व्हिनेगर होते, मी सांगितलं.
तो म्हणाला, आमच्याकडं मोत्याचा धंदा मेला
तेव्हाही वास यायचा म्हणे, उघड्या शिंपल्यांचा.

मग त्यानं आजोबांचं थिएटर सांगितलं.
खजुराच्या वखारीमागचं अंगण,
डांबराची पिंपं आडवी, त्यांवर फळ्या.
तिकीट चार आणे. आणे आपलेच,
रुपयाही आपलाच चालायचा तिथं.
यंत्र मुंबईहून गलबतातून उतरलेलं
आणि यंत्रासोबत ते फिरवणारा एक माणूस.
नाव?
अल-हिंदी. तिकडं सगळे हिंदी अल-हिंदीच.
वारा सुटला की पडदा शिडासारखा फुगायचा,
आणि पाणबुड्यांच्या नावांवरचे म्हातारे खलाशी
सवयीनं उठायचे दोर ओढायला.

आणि बायका?
पडद्यामागे.
जासिमची आजी तिथंच बसायची, वखारीच्या भिंतीशी.
मरेपर्यंत सांगायची, सिनेमातली माणसं डावखुरी असतात.
डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं सलाम करतात,
त्यांना कुणी वळण लावलेलं नाही.
घरातले हसायचे. म्हातारीला चळ लागलाय.

डब्यातली फीत तीन मिनिटांची.
तेलकंपनीच्या साहेबाचा जुना कॅमेरा घेऊन
आजोबांनी स्वतः काढलेली.
बेटाचा पहिला सिनेमा, जासिम म्हणाला.
पहिला असं लिहायचं नसतं रे, मी म्हटलं,
सापडलेला, एवढंच लिहायचं.

झाकणाच्या आतला गंज मी स्पिरिटनं पुसत होते.
खाली पेन्सिल निघाली. मी चष्मा बदलला.
बाळबोध, टपोरं, जरा उजवीकडं कललेलं:

पडदा ओला ठेवणे.
पलीकडे बायका आहेत.
पाणी खारे घेणे, गोडे महाग.

ओला पडदा प्रकाश अडवत नाही,
चित्र पलीकडं झिरपतं.
हा 'णे' मी ओळखते.
इथल्या प्रत्येक फाटकावर तो असतो:
कडी लावणे, चपला बाहेर काढणे.
धड आज्ञा नाही, विनंती तर नाहीच.
पण कुणाच्या तरी आयाबहिणींसाठी
समुद्राच्या बादल्या वाहायला लावणारा
'णे' मी पहिल्यांदाच वाचला.

खाली सही नाही.
सही न करणारा पुणेकर! शोधायचा कुठं?
जुन्या नोंदी पाहिल्या, दोन पेन्शनरांना फोन केले.
एकानं माझाच पगार विचारला.

फीत आक्रसलेली, प्रोजेक्टरवर चढली नसती.
हातानं फिरवायच्या यंत्रावर घेतली,
आणि घेताना उलटी घातली.
नियमात बसत नाही. दार लावून घेतलं.

होडी. तीन पोरं. कुत्रं.
एक माणूस डाव्या हातानं कॉफी ओततो,
दुसरा डाव्या हातानं घेतो, पितो,
दोघांनाही त्याचं काही नाही.
गच्चीवर कुणीतरी डाव्या हातानं पदर पुढं ओढतं
आणि चित्र पांढरं होत जातं.

जासिम काही बोलला नाही. कुडकुडत होता.
मी स्वेटर काढून त्याच्याकडं टाकला.

नोंदवहीत रकाने आहेत: लांबी, साल, छायाचित्रण.
प्रेक्षक असा रकाना नाही.
समासात लिहिलं, पेन्सिलीनंच:
पलीकडे बायका होत्या.